अकरा चेहरे आणि एक बादली

४ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं पार्सल काल दुपारी आलं. कुरिअरवाल्याला सही हवी होती म्हणून केली, मला खोकं हवं होतं म्हणून नव्हे. आणि हे पत्रच लिहितेय, कारण फोन तुला कापता येतो.

खोक्यात खोकं, त्यात आणखी एक खोकं, आणि आत तो तुझा मिररलेस कॅमेरा. सोबत चिठ्ठी. ‘ताई, वापरून बघ. आवडेल.’ सहा वर्षांत तुझ्या हस्ताक्षरातले हे पहिले चार शब्द, आणि तेही दुकानदाराने गिऱ्हाइकाला म्हणावेत तसे.

बघितला वापरून. डोळ्याला लावला तर आत खरं काही दिसतच नाही, एक चिमुकला टीव्ही दिसतो. समोर तुझे भाऊजी पेपर वाचत बसले होते. यांचा फोटो काढावा की नको ते मी अजून ठरवत होते, तेवढ्यात त्याने यांच्या डाव्या डोळ्यावर हिरवा चौकोन ठोकून दिला. यांनी मान वळवली, तर चौकोन उजव्या डोळ्यावर. पेपर तोंडासमोर धरला तर पेपरातल्या कुठल्याशा पुढाऱ्याच्या डोळ्यावर. घरात आलेला आगाऊ पाहुणा न विचारता कपाटं उघडून बघतो, तसला प्रकार.

माझ्या जुन्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यात काय असतं ते तू विसरला असशील, म्हणून सांगते. काचेच्या खिडकीतून बघायचं. मधल्या उजळ ठिपक्यात माणूस दोनदा दिसतो. लेन्सची कडी बोटाने फिरवायची, दोघं सरकत सरकत एक झाले की दाबायचं. चौकटीबाहेरचंही दिसत राहतं, कोण आत येतंय, कोण बाजूला उभं राहून डोळे पुसतंय. हे सगळं माझं मी करते. आधी फिल्मवर केलं, गेली पंधरा वर्षं या डिजिटलवर करतेय. कोणी हिरवे चौकोन पुरवलेले नाहीत.

खरा राग मला त्याचा नाही. वहिनीचा सकाळी फोन होता. म्हणाली, “ताईंना हल्ली नीट दिसत नाही ना, म्हणून यांनी पाठवलाय. हा आपला आपण फोकस करतो.” मला दिसत नाही हे तुला कोणी सांगितलं? डिसेंबरात मी तिला बोलता बोलता एवढंच म्हणाले होते की हल्ली माझे फोटो जरा मऊ, पुसट येतात. त्यावरून तू माझे डोळे काढून मोकळा झालास. गेल्या जूनमध्ये चार दिवस येऊन गेलास, तेही तुझ्या कुठल्याशा कंपनीच्या कामासाठी. तेवढ्यात माझी नजर तपासलीस होय?

सोमवारी खोकं परत पाठवते. तुझे भाऊजी त्याचं माहितीपुस्तक कादंबरी वाचावी तसं वाचत बसलेत, ते संपलं की.

ताई

१३ फेब्रुवारी

धाकट्या,

खोकं परत गेलेलं नाही. भाऊजींनी उघडताना ते असं फाडलं की पुन्हा बांधता येईना. मुद्दाम फाडलं असा मला संशय आहे.

काल कारखान्यातून बोलावणं आलं होतं. कार्मिक विभागात आता नव्या मॅडम आल्यात, तुझ्या वयाच्या असतील. मला चहा पाजला, बसायला चांगली खुर्ची दिली, आणि टेबलावर अकरा फोटो मांडले. जून अखेरपासून जानेवारी अखेरपर्यंत निवृत्त झालेले अकराजण.

तुला ते काम माहीत आहे. निवृत्तीच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत यंत्र बंद करायचं, घरच्यांना त्या एका दिवशी शेडमध्ये आत घ्यायचं, आणि माणूस आपल्या यंत्रापाशी, घरची माणसं त्याच्या शेजारी, असा फोटो. तीन वेळा दाबायचं, चौथ्यांदा नाही. भोंगा झाला की शेड पुन्हा सुरू होते आणि त्या माणसाचं तिथे काही काम उरत नाही. अठ्ठावीस वर्षं मी हेच करतेय. पंप बनवणाऱ्या त्या कारखान्याच्या लांब व्हरांड्यात दोन्ही भिंतींवर माझीच माणसं टांगलेली आहेत.

मॅडमनी क्रेनवाल्याचा फोटो माझ्यापुढे सरकवला. “यात तुम्हाला काय दिसतं?”

मी म्हटलं, “क्रेनवाले, त्यांची बायको, मुलगी.”

“मला बादली दिसते,” त्या म्हणाल्या.

खरंच होतं, धाकट्या. त्यांच्या मागे भिंतीला आगीसाठी वाळू भरलेली लाल बादली टांगलेली आहे. तिच्यावरचा ‘आग’ हा शब्द, त्या रंगाचा खाली आलेला ओघळ, कडीचा गंज, सगळं लख्ख. आणि पस्तीस वर्षं डोक्यावरून टनाटनांची ओझी नेऊनही कोणाला खरचटू न देणारा माणूस तिच्यापुढे पुसट. बाकी दहांचं तेच. कुणाच्या मागची फळी स्पष्ट, कुणाच्या मागचं कॅलेंडर. चेहरे मऊ, ओल्या बोटाने पुसल्यासारखे.

मॅडम म्हणाल्या, “फोटो काढल्यावर मागच्या पडद्यावर बघून घेत नाही का?” मी कॅमेरा उलटा करून दाखवला. पडद्यावर मी काळी चिकटपट्टी लावली आहे हे तुला ठाऊक आहे. फोटो काढला की लगेच मान खाली घालून पडद्यात बघणं म्हणजे समोरच्या माणसाला अर्ध्यात सोडून जाणं, असं मी तुलाच शिकवलं होतं. मॅडमनी त्या पट्टीकडे असं पाहिलं की जणू मी औषधाच्या बाटलीवरची तारीख खोडली असावी.

“पुढच्या वेळी आधुनिक कॅमेरा हवा,” त्या म्हणाल्या. “डोळ्यावर फोकस झाला की नाही ते तिथेच बघायचं. नाहीतर मी दुसऱ्या कोणाला सांगेन. वाईट वाटून घेऊ नका.”

मी वाईट वाटून घेतलं. तिथेच घेतलं आणि घरीही घेऊन आले.

फेब्रुवारीत कोणी निवृत्त होत नाही. मार्च अखेरीला एकच माणूस होतो आणि तो कोण ते तुला माहीत आहे. चौतीस वर्षं एकाच लेथवर. तुझे भाऊजी रोज त्या व्हरांड्यातून जातात आणि कधी बोलले नाहीत, तरी डाव्या भिंतीवरची कुठली जागा रिकामी आहे ते त्यांना पाठ आहे. आता तो फोटो कुणी तिऱ्हाइताने काढायचा, आणि का, तर मला बादल्या फार आवडतात म्हणून.

ताई

२० फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं उत्तर नाही. बरं.

तुझा तो डबा मी रोज बाहेर काढते. कुणाला सांगू नकोस. गल्लीच्या तोंडाशी चाव्या बनवणारा बसतो, त्याचे बारा फोटो काढले. बाराच्या बारा डोळ्यात फोकस. त्याच्या पापणीला लागलेला पितळेचा कीस दिसतो. मला त्या कॅमेऱ्याचा संताप आला, कारण मी काही केलंच नव्हतं. चाव्यावाला मात्र खूश. म्हणाला, “बाई, तुम्ही आता सुधारलात.”

आता एक सांगते, ते वहिनीला वाचून दाखवू नकोस.

मला वाटलं होतं की माझे डोळे गेले. जूनच्या अखेरीचा पहिला मऊ फोटो मी घरी पडद्यावर उघडला तेव्हाच वाटलं. ठिपक्यात दोघं एक झालेले मी नीट पाहिले होते, शपथेवर सांगते, आणि तरी चेहरा पुसट. म्हणजे डोळे खोटं बोलतायत. जुलैत तेच, ऑगस्टात तेच. मी कोणाला बोलले नाही. संगणकावर फोटोला जरा धार लावली आणि दिले. सुईत दोरा ओवायचं काम भाऊजींकडे ढकललं, बोट दुखतंय म्हणून. आठ महिने मी रोज सकाळी उठून आधी समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा दिसतो का बघत होते. तो दिसायचा, आणि तरी मी घाबरायचे.

मॅडमनी बोलावल्यावर शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. थेंब घातले, तास बसवलं, दोन यंत्रांत हनुवटी ठेवायला लावली. मग डॉक्टर म्हणाले, “तुमच्या वयाला फारच छान आहेत. डाव्यात मोतीबिंदूची अगदी सुरुवात आहे, तेवढीच.” फोकस मी उजव्या डोळ्याने करते. मी विचारलं, मग फोटो का बिघडतात? तर म्हणतात, “ते कॅमेऱ्याला विचारा, मी माणसांचे डोळे बघतो.”

माणसाला आनंद व्हायला हवा होता. मी जिन्यात बसून रडले आणि मग त्या डॉक्टरचाच राग आला. आठ महिन्यांपूर्वी जाऊन विचारलं असतं तर हेच सांगितलं असतं त्यांनी. ते मी गेले नाही, म्हणजे राग खरं तर कोणाचा यायला हवा ते कळतंय मला, तू सांगायला नको.

उद्या रेंजफाइंडर दुरुस्तीवाल्या काकांकडे टाकते. तेच ते, घड्याळाच्या दुकानात मागच्या बाजूला बसणारे.

ताई

२७ फेब्रुवारी

काकांनी लेन्स काढली आणि भिंग लावून आत बघितलं. मग मला बघायला लावलं. लेन्सच्या मागे एक एवढंसं चाक असतं, लेन्स फिरली की ते हलतं आणि ठिपक्यातलं दुसरं चित्र सरकवतं. ज्या दांड्यावर ते चाक बसतं तो दांडा केसभर वाकलाय. आणि चाकाच्या स्क्रूवर ओरखडे आहेत, चुकीच्या मापाच्या स्क्रूड्रायव्हरचे. ताजे नाहीत, जुनेही नाहीत.

काका म्हणाले, “हा पडलाय. आणि पडल्यावर कुणीतरी स्वतः डॉक्टरकी केलीय. तुम्ही?”

मी स्क्रूला हात लावत नाही, हे ते पंधरा वर्षं जाणतात.

घरी येऊन दोन वर्षांचे सगळे फोटो उघडले. फाइलवर तारीख असते, ती खोटं बोलत नाही. ३१ मेचा फोटो लख्ख. ३० जूनचा मऊ. मध्ये कॅमेरा घराबाहेर गेला तो एकदाच. चौदा जूनच्या सकाळी, तुझ्या गळ्यात. “ताई, जुन्या आठवणीसाठी एक चक्कर मारून येतो,” म्हणाला होतास, आणि मी वेडी, मला बरं वाटलं होतं.

हो की नाही, एवढंच लिही.

८ मार्च

धाकट्या,

तुझं पत्र मिळालं. भाऊजींना वाचायला दिलं, ते वाचून उठले आणि बाहेर चालायला गेले. मी तुझे शब्द तुलाच परत लिहून दाखवते, म्हणजे कसे दिसतात ते बघ.

‘ताई, हो. पायरीवर निसटला. आतलं चित्र जुळेना. चष्म्याच्या स्क्रूड्रायव्हरने गच्चीवरून लांबच्या पाण्याच्या टाकीवर जुळवला, तिथे जुळला म्हणून बॅगेत ठेवला. डिसेंबरात हिने सांगितलं तेव्हा लक्षात आलं. भाऊजींचा तरी फोटो बिघडू नये म्हणून नवा पाठवला. माफ कर.’

टाकीवर जुळवलास. अर्ध्या कोसावरच्या टाकीवर. शेड अंधारी असते, मी फ्लॅश वापरत नाही, लेन्स पूर्ण उघडी ठेवते आणि माणूस माझ्यापासून सात-आठ फुटांवर असतो. तिथे वीतभर चूक झाली की चेहरा गेला. हे तुला येत होतं. तू माझ्या हाताखाली वीस वर्षं होतास. कुठलाही ऐरागैरा हा कॅमेरा पाडून ठेवून देईल. पाडून, उघडून, टाकीवर जुळवून, नंतर समोरच्या खुर्चीवर एकदाही न बघता बॅगेत ठेवायचं हे फक्त तुला सुचू शकतं. लांबचं ठीक दिसलं की काम झालं.

तरी तेही मी गिळलं असतं. पडतात वस्तू. पण डिसेंबर? डिसेंबरात तुला कळलं होतं की माझे डोळे शाबूत आहेत आणि कॅमेरा बिघडलेला आहे. ते मला माहीत नव्हतं, फक्त तुला होतं. आणि तू बायकोला म्हणू दिलंस की ताईंना दिसत नाही. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. मी भिंतीवरचा सेकंदकाटा बघत उठत होते आणि तू तिकडे माझ्यासाठी कॅमेरे निवडत होतास.

क्रेनवाले नोव्हेंबरात गेले. झोपेतच. हे तुला माहीत नसेल, म्हणून लिहिते. बाकी दहा जणांना मी पुन्हा बोलावणार आहे, मॅडमनी परवानगी दिली, एका सुट्टीच्या दिवशी शेड उघडून देतील. त्यांना मी कोणत्या तोंडाने सांगणार ते माझं मी बघीन. क्रेनवाल्यांना कुठून बोलावू?

त्यांच्या बायकोकडे गेले होते. दोन खोल्या, आणि दारासमोरच तो फोटो. तिला काही सांगायची गरज नव्हती. ती म्हणाली, “दुसऱ्या एखाद्यात यांचा चेहरा नीट आलेला नाही का? तुम्ही तीन काढता ना.” तीनही तसलेच होते, धाकट्या. मी तिला तेच सांगितलं. तुझं नाव सांगितलं नाही. माझं सांगितलं, कारण फोटो मी दिला होता, मऊ आहे हे बघून दिला होता. धार लावून दिला होता.

हे पत्र दोन दिवस पडून होतं. पुढचं आज लिहितेय.

परवा रागारागात सगळे जुने फोटो पुन्हा बघत बसले. गेल्या मार्चअखेरचा, भांडारपालांचा. त्यात अगदी उजव्या कडेला क्रेनवाले उभे आहेत. भांडारपालांना फोटोत रिकाम्या हाताने उभं राहता यावं म्हणून त्यांची डब्याची पिशवी आणि टोपी क्रेनवाल्यांनी धरलेली, आणि कुणाच्या तरी बोलण्यावर हसतायत. फोटोत असायचा त्यांचा विचारही नव्हता. चेहरा टाचणीच्या डोक्याएवढा, पण डोळे आहेत, दातातली फट आहे. तेवढाच भाग मोठा करून छापला, जरा रवाळ आला. देऊन आले. तिने फोटोतल्या पिशवीवर बोट ठेवलं. मग म्हणाली, “ही पिशवी कोणाची?”

मी सांगितलं. ती म्हणाली, “दुसऱ्यांची ओझी धरायची सवयच होती.” फोटो तिने अजून भिंतीला लावलेला नाही. उशीशेजारी ठेवलाय.

तुला माफ केलेलं नाही. एका ओळीत मागितलेली माफी एका ओळीत मिळत नसते.

ताई

२१ मार्च

धाकट्या,

काकांनी दांडा सरळ केला, चाक बसवलं, आणि माझ्यासमोर आधी तीन फुटांवर, मग सात फुटांवर, मग समोरच्या इमारतीवर जुळवून दाखवलं. आता रेंजफाइंडर पूर्वीसारखा आहे. म्हणजे आता माझ्या टेबलावर दोन चांगले कॅमेरे आहेत आणि कुठलाही नाकारायला मला कारण उरलेलं नाही. याचाही राग येतो.

खरं सांगायचं तर तुझा मिररलेस चांगला आहे. मला हे लिहिताना त्रास होतो आहे. परवा दहाजणांचे पुन्हा फोटो काढले ते त्याच्यावरच काढले, कारण त्या माणसांना मी तिसऱ्यांदा बोलावू शकत नव्हते. मॅडम शेजारी उभ्या होत्या आणि दर फोटोनंतर पडद्यात बघून मान डोलवत होत्या. आवाजसुद्धा करत नाही तो. दहाच्या दहा चेहरे आले. त्या दहांतल्या, ओतकामातल्या आजी म्हणाल्या, “काढलास का? मला वाटलं अजून तयारी चाललीय.” त्यांनी अजून तोंडही नीट केलं नव्हतं. रेंजफाइंडरचा आवाज झाला की माणसाला कळतं, झालं आपलं. मग तो जो श्वास सोडतो त्याच्यावर मी दुसऱ्यांदा दाबते. हे त्या डब्याला कसं शिकवू? पण चेहरे आले, ते खरं आहे. कबूल.

भाऊजींच्या फोटोसाठी कोणता, यावर मी आठवडाभर डोकं फोडत होते. स्वयंपाकघरात यांना ओट्यापाशी उभं करून दोन्हींनी काढून बघत होते. कुकरला लेथ समजा म्हटलं यांना. चौथ्या दिवशी हे वैतागले. म्हणाले, “कॅमेऱ्याचं चाललंय तुझं. तू कुठे उभी राहणार ते ठरवलंस का?”

मला कळेना.

“घरची माणसं शेजारी उभी राहतात ना,” हे म्हणाले. “अठ्ठावीस वर्षं सगळ्यांच्या बायका तूच उभ्या करतेस. इकडे सरका, पदर नीट घ्या, नवऱ्याकडे नको, माझ्याकडे बघा. माझ्या शेजारी कोण उभं राहणार?”

धाकट्या, अठ्ठावीस वर्षांत हे माझ्या एकदाही डोक्यात आलं नव्हतं. हा फोटो मी काढणार एवढंच मला माहीत होतं. डोक्यातल्या त्या फोटोत हे कायम एकटेच उभे होते.

मॅडमना सांगितलं, तर म्हणाल्या, सोपं आहे, कॅमेरा तिपाईवर लावा, मोबाइलवरून बटण दाबा, तुमचे डोळे तो शोधून घेईल. मला तिपाईकडे बघून उभं राहायचं नाही. चौतीस वर्षांच्या शेवटी यांनी कोणाकडे तरी बघायला हवं, आणि ते कोणीतरी यांना ओळखणारं हवं. हे लेथवर पहिल्यांदा उभे राहिले तेव्हा तू दहा वर्षांचा होतास, यांच्या निळ्या डगल्याला पुसलेली हाताची ग्रीस तुझ्या शाळेच्या शर्टाला लागायची. आणि शेडच्या अंधारात काय करायचं ते माझ्याखेरीज एकालाच येतं. मी शिकवलंय म्हणून येतं.

तेव्हा ३१ तारखेला तू येणार आहेस. विचारत नाहीये.

कॅमेरा जुनाच. तू लगेच म्हणशील, ताई, नवा घेऊ, खात्रीचा आहे. नको. तू नवा घेऊन उभा राहिलास तर तो फोटो व्हरांड्यात जाईल, चांगला येईल, आणि मी तो बघताना दरवेळी एवढंच बघीन की माझा भाऊ माझ्या कॅमेऱ्याला घाबरला. कॅमेऱ्याला नाही घाबरलास, मला घाबरलास. तेही मला आता लिहायला हवं.

तू एकोणीस वर्षांचा असताना फिल्मच्या कॅमेऱ्याची पाठ उघडलीस, आत एका लग्नाचा रोल होता. मी सात महिने तुझ्याशी बोलले नाही. एकाच घरात, एकाच अंधाऱ्या खोलीत काम करत, सात महिने. आणि सहा वर्षांपूर्वी तू नवे कॅमेरे घेऊ म्हणालास, तेव्हा गिऱ्हाइकासमोर मी म्हटलं की तुला यंत्र हवं कारण तुला फोटो काढता येत नाही. तू त्या संध्याकाळी स्टुडिओ सोडलास. मी सगळ्यांना सांगितलं की धाकट्याला पैशाची हाव सुटली. हे खोटं होतं, ते मला सांगतानाच माहीत होतं.

म्हणून चौदा जूनला तू पायरीवर उभा राहून काय विचार केला असशील ते मला कळतं. कळतं म्हणजे पटतं असं नाही. अकरा माणसांचे चेहरे गेले, त्यातला एक कायमचा. अर्धे तू घालवलेस, अर्धे मी, कारण डोळ्यांचं मी लपवलं नसतं तर जुलैतच कॅमेरा काकांकडे गेला असता. तू माझ्या भीतीने लपवलंस आणि मी लोकांच्या. शेंडेफळ आणि थोरली, दोघं एकाच मातीची.

तर ये. आदल्या दिवशी ये, शेडमध्ये जाऊन उजेड बघून घे. लेथच्या डाव्या अंगाने उभा राहा, उजवीकडून छताला टांगलेला दिवा लेन्समध्ये चमकतो. पडद्यावरची पट्टी मी काढून टाकली आहे, डिंक खरवडायला अर्धा तास गेला. तीनदा दाब. मी हसेन असं समजू नकोस, माझं तोंड त्या दिवशी बहुधा रागावलेलंच असेल, तसंच घे.

आणि तीनही फोटोंत आमचे चेहरे आले नसतील, तर ते मला तिथेच सांगायचं. घरी गेल्यावर नाही, वहिनीकडून नाही, पार्सलने नाही. शेडमध्ये, भोंगा व्हायच्या आत, माझ्या तोंडावर.

मी ओरडेन. तू हलू नकोस.

ताई